पास न झालेला पॅकर

"अहो मावशी, ओके हा शब्द जन्मला बोटीवर," चेकर पंख्याचं बटण दाबत म्हणाली. "कप्तानाला वास यायचा नाही. मासा शिजला की आचारी ओरडायचा 'ओ', करपला की 'के'. एकदा मासा एका बाजूने शिजला, दुसऱ्या बाजूने करपला. झालं, तेव्हापासून ओके."

"काल तर म्हणालीस, राणीच्या पोपटाने काढला."

"पोपट त्याच बोटीवर होता की."

लाइनीवरच्या बायका खिदळल्या. पलीकडे खोकी बांधणारा पॅकर तेवढा गप्प. बिचाऱ्याने पोपटाची गोष्ट खरी मानून ताईच्या घरी सांगितली होती, आणि भाचरं त्याला आठवडाभर मिठू म्हणून हाका मारत होती.

कारखाना टेबलफॅनचा. चेकर प्रत्येक पंखा तपासणीच्या टेबलावर फिरवून बघायची, मान वळते का पाहायची, कान लावायची, आणि मगच ओकेचा हिरवा स्टिकर चिकटवायची. स्टिकर नाही तर पंखा मागे, दुरुस्तीत. तिच्या जिभेला हाड नव्हतं बरं का, पण स्टिकरच्या बाबतीत ती फोरमनलाही भीक घालायची नाही. आणि पॅकर? स्टिकर नसलेल्या पंख्याला तो हातसुद्धा लावायचा नाही.

एके दिवशी चहाच्या सुट्टीत पॅकर केस ओले करून, भांग पाडून तिच्यासमोर उभा राहिला. एकटीला गाठावं तर ती एकटी कधी असायचीच नाही, म्हणून सगळ्यांदेखत विचारलं.

"माझ्याशी लग्न कराल का?"

चेकरला आतून गुदगुल्या झाल्या. वर्षभर ती याचीच वाट बघत होती. पण खोड कुठे जाते?

"तपासल्याशिवाय कसं सांगू? बसा टेबलावर."

तो खरंच बसला.

"मान वळवा. आता इकडे. थोडी कुरकुरते. तापता का लवकर?"

"नाही."

"आवाज फारच कमी आहे हो."

बायका पोट धरून हसल्या. तेवढ्यात घंटा झाली. चेकरने त्याला खाली उतरवलं आणि पुढचा पंखा ओढला. पॅकरने एकदा आपल्या खिशाकडे पाहिलं. खिसा कोरा होता, स्टिकर नव्हता.

दुसऱ्या दिवशी खोकी बांधायला भलताच माणूस.

"ते कुठे गेले?" चेकरने विचारलं.

"दुरुस्तीत," नवा माणूस म्हणाला. "बदली मागून घेतली. फोरमनला म्हणाला, मी पास नाही झालो."

"फिटली हौस?" मावशी म्हणाली. "सांग आता बोटीची गोष्ट."

चेकरने पंखा बंद केला, स्टिकरची गुंडाळी उचलली आणि चालू लाइन सोडून तरातरा दुरुस्ती विभागात गेली. पॅकर एका पंख्याची जाळी काढत होता. तिने त्याच्या खिशावर स्टिकर लावला आणि अंगठ्याने चांगला दाबला.

पॅकरने मान खाली घालून तो वाचला.

"हे कुठलं ओके? पोपटाचं, की करपलेल्या माशाचं?"

तो चिडवत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"टेबलावरचं," ती म्हणाली. "टेबलावर मी कधी खोटं चिकटवलंय?"

आता हा माणूस चटकन उत्तर देईल तर शपथ. तो विचार करत बसला. आजवर हाताखालून गेलेले सगळे पंखे त्याने आठवून पाहिले असावेत.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "एकही परत आला नाही."

त्याने जाळी खाली ठेवली, हात पुसले आणि उठला.

"अरे, सकाळीच आलास ना?" दुरुस्तीचा साहेब ओरडला. "निघालास कुठे?"

"झालो दुरुस्त," पॅकर म्हणाला.

त्याने आयुष्यात केलेला हा पहिलाच विनोद, त्यामुळे तो विनोद आहे हे साहेबाच्या लक्षातच आलं नाही. पॅकर दाराशी गेला, खोकी नेताना धरायचा तसं दार पायाने अडवून धरलं, आणि चेकर आधी बाहेर पडेपर्यंत ताठ उभा राहिला.