भागुबाईंचा रविवारचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. चार पुडांचा, वर कडी आणि तळाला एक पोचा. बंगळुरूच्या बसवनगुडीत एक छोटी मराठी ख्रिस्ती मंडळी आहे. दर रविवारी ती एका भाड्याच्या सभागृहात उपासनेला जमते, आणि तिथल्याच स्वयंपाकघराच्या फळीवर माझा मुक्काम असतो. स्वभावाने मी जरा मानी आहे. शेजारी स्टीलचे डबे आणून ठेवले की मला अजूनही राग येतो. पण आज मी बढाई मारायला बसलेलो नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगणार आहे. डब्याला हात कुठले, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

निपाणीच्या एका तांबटाने मला घडवलं. आतून कल्हई केली आणि मी अंबूबाईंच्या घरी आलो. नवऱ्याची बदली झाली तेव्हा अंबूबाईंबरोबर मीही बंगळुरूला आलो. तेव्हा मंडळीत जेमतेम आठ घरं होती. उपासना अंबूबाईंच्याच घरी व्हायची आणि मग सगळे एकत्र जेवायचे. या जेवणाला ते प्रीतिभोजन म्हणत. अंबूबाईंचा एक नियम होता. पहिलं ताट वाढण्याआधी मला भरायचं. कुणी आजारी असेल, कुणी म्हातारं, एकटं असेल, त्याच्या घरी आधी मी पोचायचो. "देवाचं नाव सांगत गावभर हिंडायचं आणि आपलंच माणूस उपाशी? मला लाज वाटेल," असं त्या म्हणायच्या.

ती वर्षं माझ्या मानाची होती. गल्लीतल्या लोकांना मी ओळखीचा झालो होतो. एकदा अंबूबाई मला एका आजारी म्हातारीकडे नेत होत्या, तेव्हा एका शिंप्याने त्यांना अडवून विचारलं, "या म्हातारीचं आणि तुमचं नातं काय?" नातं काहीच नव्हतं. पुढच्या रविवारी तो उपासनेला येऊन मागे बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

अंबूबाई गेल्यावर मंडळीचे स्वयंपाकी शिवाप्पा अण्णा मला नेऊ लागले. गेली कितीतरी वर्षं मी एकाच घरी जात होतो. मागच्या गल्लीतल्या भागुबाईंच्या. एका शाळेत आया म्हणून त्यांनी उमर घालवली. नवरा नाही, मूल नाही, आणि गुडघ्यांमुळे सभागृहाचा जिना चढवत नाही. मी त्यांच्या घरी गेलो की त्यांच्यासाठी मंडळीच घरी आलेली असायची.

मग शहर बदललं. पुण्यामुंबईहून संगणकाच्या नोकऱ्यांसाठी आलेली तरुण माणसं एचएसआर लेआउटमधून उपासनेला येऊ लागली. मंडळी भरली. ती माणसं वाईट नव्हती हो, मनापासून गायची, मनापासून कामं करायची. त्यांच्यातल्या उल्हासने ठरवलं, शहराबाहेर देवनहळ्ळीला जाऊन येशूची सुवार्ता सांगायची. त्याआधी सहा रविवार सगळ्यांनी पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा अभ्यास करायचा. ती कशी जगली, कशी वाढली, आणि आपण तिच्याकडून काय शिकावं.

नेमके तेव्हाच शिवाप्पा अण्णा मुलीच्या बाळंतपणासाठी गावी गेले. डब्याचं काम मुग्धाकडे आलं. मुग्धा पुण्याची, कामात चोख. पहिल्याच रविवारी तिने माझ्याशेजारी उभं राहून भागुबाईंना फोन लावला.

"आजी, मी मंडळीतून मुग्धा. डबा पाठवायचा ना आज?"

पलीकडून भागुबाईंचा आवाज आला, "स्वल्प साकु, पोरी."

भागुबाई निपाणीकडच्या. त्यांच्या मराठीत कानडी शब्द आपसूक येतात. 'थोडंसं पुरे' एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मुग्धाला 'साकु' हा शब्द हॉटेलात सापडला होता. वाढप्या सांबार ओतत राहिला की हात आडवा धरून म्हणायचं, साकु, आता बास. डबा कुणाला जायचा त्या यादीत तिने भागुबाईंच्या नावापुढे 'नको' असं लिहिलं. पुन्हा विचारलं नाही. त्या रविवारी मी फळीवरच राहिलो. पुढच्याही. नंतरच्याही.

सहाव्या रविवारी मुग्धाने मला खाली काढलं, चिंच लावून घासलं आणि पांढऱ्या कापडावर मंचावर मांडलं. इतका चकचकीत मी कधीच दिसलो नव्हतो. लोक माझे फोटो काढत होते. खरं सांगतो, मला ते फार आवडलं. आपण रिकामे आहोत, याची मला आठवणसुद्धा झाली नाही. मला बोलता येत नाही हे खरं, पण त्या तासाभरात मला भागुबाई आठवल्या नाहीत, याची लाज मला आजही वाटते.

उल्हास माझ्याकडे बोट दाखवून शिकवत होता. यरुशलेममधली पहिली मंडळी घरोघरी एकत्र जेवायची, विधवांना रोज अन्न वाटायची. पण तिथे दोन भाषांची माणसं होती. स्थानिक बोली बोलणाऱ्यांच्या विधवांना अन्न मिळे आणि ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वाटणीत राहून जात. तक्रार झाली तेव्हा प्रेषितांनी ती झटकली नाही. त्यांनी वाटणीसाठी विश्वासू सात जण निवडायला लावले. नावांवरून वाटतं, ते ग्रीक बोलणाऱ्यांपैकीच असावेत. "आणि त्यानंतर मंडळी आणखी वाढली," उल्हास म्हणाला. "आपल्यात असं कुणी राहून गेलंय का?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

शिवाप्पा अण्णा त्याच सकाळी गावाहून परतले होते. सभा संपल्यावर ते मंचाजवळ आले आणि त्यांनी माझं झाकण उघडून पाहिलं.

"मुग्धाक्का, हा इथं कसा? भागुबाईंचं जेवण गेलं नाही?"

"त्या नको म्हणाल्या, अण्णा. 'स्वल्प साकु' म्हणाल्या."

अण्णांनी झाकण खाली ठेवलं. "तसं नव्हे, अक्का. थोडं पाठवा म्हणाल्या की त्या."

मुग्धाने मला मंचावरून उचललं. तिने मला भरलं, आणि प्रीतिभोजनाची ताटं मांडली जात असताना ती मला घेऊन धावतच निघाली.

भागुबाई घरातच होत्या. भांडी घासून झाली होती.

"जेवण झालं की माझं," त्या म्हणाल्या. "शेजारची धनलक्ष्मी आणून देते. फुलं विकती बघ, ती. आपल्या मंडळीतली नव्हे. म्हणाली, तुमचा डबा दर आयतवारी येतो हे मी किती वर्षं बघते, आता येत नाही, म्हणून मी आणते."

मुग्धा रडू लागली. "आजी, माझं चुकलं. मला तुमचा शब्द कळला नाही."

"कळला नाही तर विचारायचं, पोरी. मी काय खायला मिळेना म्हणून झुरत नव्हते. चार आयतवार दारात खुर्ची टाकून बसले. म्हटलं, डबा नाही तर नाही, कुणीतरी बघायला तरी येईल." मग त्यांनीच मुग्धाच्या पाठीवरून हात फिरवला. "राग नाही माझा. पण मग मी खुर्ची आत घेतली."

उल्हासला हे कळलं तेव्हा तो डोकं धरून बसला. देवनहळ्ळीला जायचं त्याने पुढे ढकललं आणि आधी मंडळीतल्या घराघरांत जायला सुरुवात केली. यादी आता शिवाप्पा अण्णा आणि मुग्धा मिळून करतात.

मित्रांनो, मला घासूनपुसून शोभेला मांडू नका. मला भरा आणि पोचवा. दूरच्या गावाला सुवार्ता जरूर सांगा, पण जवळच्या माणसाचा शब्द कळला नाही तर एकदा पुन्हा विचारा. तेवढ्याला फार वेळ लागत नाही.

मी आता दर रविवारी भागुबाईंकडे जातो. त्या प्रेमाने घेतात, अर्धं धनलक्ष्मीला देतात. पण दारात खुर्ची नसते. दार लावलेलं असतं. मुग्धा कडी वाजवते, आणि आम्ही दोघं बाहेर वाट बघत उभे राहतो.