अश्विनच्या उंचीची काच

सहा फूट तीन इंच उंचीचा अश्विन जन्मभर वाकत आला होता. दारात वाकायचा, बसमध्ये वाकायचा, फोटोत तर मागच्या रांगेत उभा राहूनही वाकायचा. मोटरसायकलवर मात्र वाकूनही सुटका नव्हती. हँडलपुढच्या बुटक्या काचेवरून वारा थेट हेल्मेटवर आदळे आणि कानात पिठाची गिरणी सुरू होई.

दर रविवारी तो बायकोला, हर्षाला, सिंदेवाहीहून अहेरीला सोडायला जाई. ती तिथे दवाखान्यात नर्स, हा इथे भात संशोधन केंद्रात. एक दिवस संसार, सहा दिवस फोन. वाटेत ती मागून बोलत राही आणि हा पठ्ठ्या एक अक्षर न कळता "हो, हो" करी. नवऱ्यांचा हा जुना उपाय, पण एका रविवारी अंगाशी आला.

अहेरीला उतरताना हर्षा म्हणाली, "तुमी हो म्हटलं ना, मंग बदलीचा अर्ज मागं घेते. पुढच्या सोमवारी. अजून तीन वरसं इथीच."

अश्विनच्या पायाखालची जमीन सरकली. मला ऐकूच आलं नव्हतं, हे सांगायची त्याला लाज वाटली. आठवडाभर फोनवरही जीभ रेटेना.

शनिवारी तो गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या जंगू मिस्त्रीकडे गेला. "भाऊ, मागचं बोलणं ऐकू आलं पाह्यजे, अशी काच द्या."

जंगूची पद्धत ठरलेली. आधी पुठ्ठा कापून गाडीला चिकटवायचा, चक्कर मारायला लावायची, मगच काच. "काचेतून नाई, काचेवरून पाहाचं. वरची कड नाकाच्या रेघेत." माप घेतलं, अश्विन फिरून आला. वारा पुन्हा कपाळावरच. जंगूने त्याला गाडीवर बसवून नीट न्याहाळलं आणि हसला. "माप देताना वाकता काऊन? मी तर वाकलेल्या मानसाचं माप घेतलं. लाजू नका, सरळ बसा."

अश्विन सरळ बसला. पुठ्ठा चार बोटं वाढला आणि त्याच मापाची काच बसली.

रविवारी आष्टी मागे पडली, सागाचं जंगल सुरू झालं आणि गिरणी बंदच होती. वारा डोक्यावरून परक्यासारखा निघून जात होता. वाळकी पानं रस्त्यावरून सरकताना ऐकू येत होती, लांब कुठे गुरांची लाकडी घंटा. गाडी आपण चालवतोय की रस्ताच आपल्याला झुलवत नेतोय, त्याला कळेना. हर्षाचा श्वासही ऐकू येत होता. हे सगळं इतके दिवस इथेच होतं.

"हर्षा, त्या दिवशी मले काहीच ऐकू नाई आलं. मी उगाच हो म्हटलं."



"मले वाटलं, मी नसली तरी तुमाले चालते," ती म्हणाली. "त्या दिवशी आष्टीपासून आलापल्लीपर्यंत रडत होती मी, तुमच्या पाठीमागं."

अश्विनने गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि मागे वळला.

"नाई चालत," तो म्हणाला. "तीन वरसं नाई, तीन महिने बी नाई चालत."

हर्षाने त्याच्या खांद्यावर कपाळ टेकवलं आणि पुन्हा रडू लागली. या वेळी त्याला सगळं ऐकू आलं.