इंधन संपल्यावर

रत्नप्रभाबाईंना आता कुणाचं काही दुरुस्त करायचा कंटाळा आला होता. चौतीस वर्षं वह्यांवर लाल शाई ओढून झाली होती. सोसायटीच्या फळ्यावरच्या चुकासुद्धा हल्ली त्या वाचून सोडून देत. म्हणून ज्युलिया रोझारिओ मुलीला घेऊन आली आणि तिने पुठ्ठ्याचा मोठा खोका जेवणाच्या टेबलावर ठेवला, तेव्हा बाईंनी मनात ठरवून टाकलं, छान आहे म्हणायचं आणि चहा पाजून वाटेला लावायचं.

ज्युलिया बोरीवलीतल्याच एक्सर गावातली. आठवी ब, दुसरा बाक. आता पन्नाशी उलटलेली. लग्नपत्रिकांची डिझाइन्स करता करता तिने मराठी शाळांतल्या मुलांसाठी अंतराळप्रवासाचा एक पटावरचा खेळ तयार केला होता. मुलगी जोॲन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला.

"बाई, संध्याकाळी छपाईला जातोय. खोक्यावर एक ओळ टाकलीय, बघा ना."

बाईंनी चष्मा लावला. ‘विज्ञान तपासले : श्रीमती रत्नप्रभा पालव, निवृत्त शिक्षिका’.

"अगं, मी मराठीची. विज्ञान तुम्हांला एकच सत्र शिकवलं, तेही सावेबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून."

"मला तेवढंच आठवतं, बाई. तुमच्या सहीशिवाय मी फाइल देणार नाही."

पट मांडला. पृथ्वीपासून गुरूपर्यंत घरं, आणि एक घर पुढे जायला इंधनाची एक चकती. बाईंनी दर पाळीला तीन-तीन घरं घेतली. मंगळ ओलांडला आणि चकत्या संपल्या.

"थांबा, बाई. तुमचं यान बंद पडलं," ज्युलिया म्हणाली. "आता कुणी इंधन देईपर्यंत जागेवरच."

"रिक्षा आहे ना ती," जोॲन पुटपुटली.

"गप गं. बाई, ही रोज माझं डोकं खाते. म्हणे इंधन संपलं तरी यान चालतच राहतं. मी म्हटलं, आमच्या बाईंनी शिकवलंय, पेट्रोल संपलं की रिक्षा थांबते, तसंच. तुझ्या कॉलेजपेक्षा माझ्या बाई पक्क्या."

जोॲनने बाईंकडे बघितलं. "ह्याच का त्या बाई?"

बाई पटाकडे बघत राहिल्या. रिक्षा त्यांचीच होती. पुस्तकात नव्हती, वेळ मारून न्यायला त्यांनी जागच्या जागी जुळवली होती. त्यावर दुसऱ्या बाकावरून दोन वेण्यांची एक मुलगी उठली होती. बाई, पण वर हवा नाही, रस्ता नाही, मग यानाला थांबवणार कोण? वर्ग हसला होता. आणि बाई म्हणाल्या होत्या, नसते प्रश्न नकोत, बस खाली.

जूनमध्ये सावेबाई परतल्या. रिक्षेची गोष्ट ऐकून डबा खाताना हसल्या आणि खरं काय ते समजावून सांगितलं. वर्ग तोवर नववीत गेला होता, दोन मजले वर. उद्या जाऊन सांगू, असं बाईंनी ठरवलं. त्या उद्याला अडतीस वर्षं झाली.

सही करायला काय, क्षणाचं काम. गुडघे दुखत होते, दुपारची झोप बुडाली होती. पण एखाद्या शाळेत एखादी मुलगी दुसऱ्या बाकावरून उठेल, आणि तिच्या बाई खोक्यावरचं हे नाव दाखवून तिला खाली बसवतील, हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

ज्युलियाने पुढे केलेलं पेन त्यांनी टेबलावर ठेवलं.

"ज्युलिया, तू त्या दिवशी उभी राहिली होतीस. आठवतं?"

"मी? छे. मी कशाला उभी राहते."

"राहिलीस. विचारलंस, हवाच नाही तर थांबवणार कोण. मी तुला खाली बसवलं. तुझं बरोबर होतं. मला पुढच्याच वर्षी कळलं, पण सांगायचं राहून गेलं."

ज्युलियाने एक चकती उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"म्हणजे एवढी वर्षं मी हिच्याशी भांडले ते..."

"माझ्यामुळे."

"वाट लागली," ती हळूच म्हणाली. "सगळा खेळ त्यावरच उभा आहे, बाई."

जोॲन आता टोमणा मारणार, असं बाईंना वाटलं. तिने फक्त खिशातून घडी घातलेला कागद काढून आईपुढे सरकवला. नियम कधीचे लिहून ठेवलेले होते. इंधन लागतं ते वेग वाढवायला, कमी करायला, वळायला. संपलं, तर शेवटचा वेग तसाच राहतो.

ज्युलियाने कागद दोनदा वाचला. मग छापखान्याला फोन लावला. "आज नको रे, माणिक. पुढच्या आठवड्यात बघू." फोन ठेवून ती म्हणाली, "आणि बाई, तुमचं नाव?"

"काढ. तपासलं ते ह्या मुलीने."

"बाई, तुमची पाळी," जोॲन म्हणाली.

"माझं इंधन संपलंय."

"म्हणूनच. तीन घरं."

तीन घरं. मग आणखी तीन. गुरू आला आणि मागे पडला. थांबायला इंधन नव्हतं. पट संपला तशी जोॲनने सोंगटी टेबलावर घेतली, बोटांनी माप धरून पुढे नेली, मिठाच्या बरणीवरून पलीकडे.

"अगं, आता पुरे की," ज्युलिया म्हणाली.

"कशाला पुरे? मम्मी, थांबवणार कोण?"

ज्युलियाला हसू आलं. बाईंना झोप येत होती. टेबल संपत आलं, तेव्हा त्यांनी कडेखाली ओंजळ धरली आणि म्हणाल्या, "आण इकडे."