साहेबांच्या नावावरची चूक

मला भाषण करता येत नाही, हे मी पलटणीच्या नव्या कमांडरला फोनवर तीनदा सांगितलं. तो ऐकतोय कसला! "मोठ्या साहेबांचा सत्कार आहे, आणि तिन्ही लढायांत त्यांच्याबरोबर असलेले आता तुम्ही एकटेच उरलात," म्हणाला. "दहा मिनिटं बोला फक्त." दहा मिनिटांत तीन लढाया! याचं काय जातंय सांगायला.

मी वायरलेसवाला. पाठीवर सेट घेऊन साहेबांच्या मागे पळायचं, ते बोलतील ते जसंच्या तसं पुढे सांगायचं. म्हणून पलटणीत माझं नाव पडलं पोपट. आता त्र्याहत्तरावं चालू आहे, तरी पोपटच.

फोन ठेवला आणि तसाच साहेबांच्या घरी गेलो. साहेब बाल्कनीत खुर्ची टाकून स्वतःचे बूट पॉलिश करत बसले होते. शहात्तर वय, गुडघे गेलेले, पण बुटाला दुसऱ्याचा हात लागू देतील तर शपथ.

"साहेब, कार्यक्रमाला दुसऱ्या लढाईतल्या त्या नाईकाची बायको येणार आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. तिच्या मुलीने हट्टाने कबूल करून घेतलंय."

"मी त्या दिवशी खरं सांगणार आहे."

ब्रश थांबला. "पोपट, ती गोष्ट मिटलेली आहे. सांगायचं नाही. हुकूम आहे."

आता ती गोष्ट काय, ते सांगतो. दुसऱ्या लढाईत आमच्या कंपनीवर सकाळच्या धुक्यात हल्ला झाला. साहेबांनी नकाशा बघून तोफांसाठी आकडे दिले आणि मी ते सेटवर सांगितले. दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. शेवटचे दोन आकडे तीन, चार असे होते, मी चार, तीन म्हणून गेलो. नियम असा, की पलीकडच्याने आकडे परत म्हणून दाखवायचे आणि आपण पडताळायचे. त्याने माझी चूक मला नीट म्हणून दाखवली आणि मी गाढवासारखा "बरोबर" म्हणालो. पहिले दोन गोळे आमच्याच खंदकावर आले. मशीनगनवरचा नाईक गेला. सव्वीस वर्षांचा होता, घरी बायको पोटुशी.

चौकशी बसली तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. मी तोंड उघडायच्या आत साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "आकडे मीच चुकीचे दिले." झालं. त्यांची बढती तिथेच अडकली. नाईकाच्या बायकोला कागद गेला, त्यात साहेबांचं नाव. साहेबांनी तिला पत्रं लिहिली, ती न उघडता परत आली. दोनदा घरी गेले, तिने दार लावून घेतलं. पंचेचाळीस वर्षं ती बाई माझ्या वाट्याच्या शिव्या साहेबांना घालत होती, आणि मी तोंडाला कुलूप लावून माझी पोरं वाढवत होतो. लाज वाटायची. पण लाज वाटते म्हणून कुणी मरत नाही, मीही नाही मेलो.

कार्यक्रमाच्या सकाळी हॉल भरला. पुढच्या रांगेत साहेब, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून. तिसऱ्या रांगेत वहिनी, म्हणजे नाईकाची बायको, आणि शेजारी तिची मुलगी. वहिनींनी मला ओळखून मान हलवली. माझ्यावर त्यांचा कधीच राग नव्हता. मीच पंचेचाळीस वर्षं त्यांच्यापुढे जायचं टाळलं होतं.

मी माइक धरला आणि पहिल्या लढाईपासून सुरू केलं. साहेब तेव्हा बावीस वर्षांचे, मिसरूड नुकतंच फुटलेलं. कंपनी कमांडर पहिल्याच दिवशी पडले आणि साठ माणसं या पोराच्या गळ्यात आली. मागे नदी, वरून मारा. साहेब कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात मारून मोजत राहिले. साठावा पलीकडे पोचला, तेव्हा हलले. तो साठावा मी होतो, सेट डोक्यावर घेऊन, तोंडाने देवाचं नाव आणि साहेबांना शिव्या. हॉल हसला. साहेबही हसले.

मग एकदम तिसरी लढाई घेतली. साहेब अजून मेजरच, आणि वर कमांडर म्हणून त्यांच्याच हाताखाली शिकलेला माणूस. दुसरा कुणी असता तर तोंड वाकडं केलं असतं. साहेबांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला आणि विचारलं, "सर, अवघड टेकडी कोणती? ती मला द्या." दिली त्याने. चढाईच्या आधी साहेबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना बूट काढायला लावले आणि मातीत बसून एकेकाचे पाय तपासले. फोड आलेला माणूस मागे पडतो आणि मागे पडलेलाच आधी मरतो, असं ते म्हणायचे. टेकडी दुपारपर्यंत घेतली. माणसं आम्ही चार गमावली. त्या चौघांच्या घरी साहेब स्वतः गेले.

टाळ्या पडल्या. तिथे थांबलो असतो तर चाललं असतं. पण तिसऱ्या रांगेत वहिनी टाळ्या वाजवत नव्हत्या. हात मांडीवर, नजर साहेबांच्या पाठीवर. मला ते सहन होईना.

"दुसरी लढाई मी मुद्दाम गाळली," मी म्हणालो.

साहेब काठी टेकत उभे राहिले. "पोपट, खाली बस!"

"माफ करा साहेब. आयुष्यात पहिल्यांदा तुमचा हुकूम मोडतोय."

आणि सांगून टाकलं. तीन, चार, चार, तीन, सगळं. "वहिनी, तुमचा गुन्हेगार मी आहे. या माणसाने माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली."

वहिनी उठल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि बसायलाच हवी होती. पण त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. सरळ साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"का हो असं केलंत?"

"ताई, हा तिशीचा पण नव्हता. त्याला सेटवर परत बसवायचं होतं मला. माझी कंपनी, मग चूकही माझीच."

"आणि माझं काय?" वहिनींचा आवाज चढला. "तुम्ही खोटं बोललात म्हणून मी तुम्हाला उंबरा चढू दिला नाही. ते कसे गेले, शेवटी काय म्हणाले, कुणाला विचारायचं मी? पंचेचाळीस वर्षं!"

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. साहेबांच्याही आलं नसावं. तोफांना न डगमगलेला माणूस खुर्चीचा हात शोधत खाली बसला. वहिनी शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"होतात का तुम्ही त्यांच्याजवळ?"

"होतो. माझ्याच मांडीवर गेला."

"काही बोलले?"

साहेबांनी एकदा मागे उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. "म्हणाला, तिला सांगा, मुलगी झाली तर तुला आवडेल ते नाव ठेव म्हणावं. माझ्या आईचं नाव ठेवायचा हट्ट मी सोडला. पत्रातही तेच लिहिलं होतं, ताई. घरी आलो तेव्हा दारातून तुम्ही पोरीला त्याच नावाने हाक मारताना ऐकलं. नाव ठेवून झालं होतं. मग नाही वाजवलं पुन्हा दार."

वहिनी मुलीकडे बघत राहिल्या. मुलगी पुढे आली.

"म्हणजे आई, आजीशी तुझं एक दिवस पटलं नाही, आणि तरी तिचं नाव..."

"त्यांची शेवटची इच्छा म्हणून ठेवलं गं," वहिनी म्हणाल्या, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून लहान पोरीसारख्या रडायला लागल्या.