मधली फळी

लेक निकिताच्या लग्नाच्या वर्षी, श्रावणात, भागीबाई आजारी नवऱ्याला, बहिरूला, काखेत धरून नव्या पुलाच्या मध्यावर आली आणि थांबली. पुढे तीन हात पूलच नव्हता. खाली ओढा दोन्ही थड्यांना लागला होता. मागे सुरगाण्याचा घाट दरडीने बंद. पलीकडे कळवणच्या दवाखान्याला जाणारी जीप उभी होती.

ओढ्याच्या मधोमध तालुक्यांची हद्द. म्हणून पूल वर्षानुवर्षे या तालुक्याने त्या तालुक्यावर ढकलला. शेवटी उन्हाळ्यात दोन्ही गावांनीच लाकूड काढलं. इकडची नागली, भाजी कळवणच्या बाजाराला जाणार होती, तिकडची पोरं इकडच्या आश्रमशाळेत येणार होती. ज्याने त्याने आपल्या काठापासून बांधत आणलं. मधली एक फळी राहिली.

ती बसवायचा मान मुलगी देणाऱ्या गावाचा. मुलगी घेणाऱ्याने नारळ घेऊन बोलवायला जायचं. पण लग्न साट्यालोट्याचं झालं होतं. बहिरूची निकिता तिकडे दीपकच्या घरी गेली, दीपकची सविता बहिरूची सून होऊन इकडे आली. दोन्ही गावं आपापली फळी कापून नारळाची वाट बघत बसली. तरणी पोरं उडी मारून जात. "आपण पहिले जायचं नाय," असं चावडीवर बहिरूच बोलला होता.

आता त्याला एक वाक्य सलग बोलवत नव्हतं.

"काय व्याही," पलीकडून दीपक ओरडला, "नारळ आणला का?"

"तू आण," बहिरू म्हणाला, आणि खोकत खाली बसला. दीपकचं हसू गेलं.

"फळी टाका ना, व्याही," भागीबाई म्हणाली.

"चावडीत कुलपात हाय. गावाची हाय ती, इहिनबाई. माझ्या एकट्याच्या हातात नाय."

"आमची पण कुलपातच हाय," भागीबाई म्हणाली.

"घरी चल," बहिरू म्हणाला.

"घरी काय हाय? पाच दिवस तिथंच पडला होतात."

त्याला कठड्याला टेकवून ती परत गेली. आली तेव्हा पुढून सुनेने आणि मागून तिने घराचं दार धरलं होतं. बिजागरीत मातीची ढेकळं तशीच.

"आपलं दार हाय ते," बहिरू म्हणाला.

तिने दार पुढे सरकवलं.

"आत्या, सोडू का?" सविताने विचारलं.

"थांब. तुझ्या बापाला धरू दे."

दीपकने मागे गावाकडे बघितलं. "उद्या पंच विचारतील, कुणी टाकलं?"

"तुमच्या लेकीनं टाकलं म्हणा. नायतर आमच्या सुनेनं. धरा आता."

त्याने धरलं. बहिरू बसूनच, हातांवर सरकत पलीकडे गेला. मध्यावर एकदा त्याने दाराच्या कडीला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून लोक दारावरून जाऊ लागले. भाजीच्या पाट्या गेल्या, पोरं शाळेत आली. दोन्ही फळ्या अजून आपापल्या चावडीत आहेत. भागीबाईच्या घराला गोणपाट लावलेलं आहे.

बहिरूचा देह त्याच दारावरून घरी आणला. तो पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, कळवणच्या दवाखान्यात वारला होता.