माझ्यात नसलेला शब्द

मी स्पॅनिशचं पुस्तक बोलतोय. कणकवलीच्या एका कॉलेजात, लायब्ररीच्या मागच्या कपाटात असतो. वीस पाठ आणि शेवटी बाराशे शब्दांची यादी, एवढाच माझा जीव.

छापला गेलो दिल्लीला. मुंबईच्या फुटपाथवरून नेरूरकर सरांनी मला उचललं. सर कॉमर्स शिकवायचे. तरुणपणी मुंबईत नोकरी करता करता वर्षभर त्यांनी स्पॅनिश शिकून घेतलं होतं. आपल्याकडची पोरं बोटीवर जातात, चार शब्द आले तर उपयोगी पडतील, असं त्यांनी प्रिन्सिपॉलांना पटवलं आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाला. मंगळवारी आणि शुक्रवारी, चार वाजता. पुस्तक एकच, ते मी. सर माझ्यातलं फळ्यावर लिहायचे आणि मुलं वहीत उतरवून घ्यायची.

पहिल्या दिवशी अकरा जण होते. कामीसा म्हणजे खमीस आणि हाबोन म्हणजे साबण, हे कळल्यावर सगळे खूश. ही तर आपलीच भाषा, असं वाटलं त्यांना. सहाव्या पाठात क्रियापदं आली आणि वर्गात पाच जण उरले. माणसांचं असंच असतं. ओळखीचं दिसतं तोवर हौस.

उरलेल्यांत कावेरी होती. वालावलची, एस.वाय.ला. दोन एसट्या बदलून यायची. तिचं अक्षर चांगलं, म्हणून सर शुक्रवारी मला तिच्यासोबत घरी पाठवायचे. पुढचा पाठ ती सगळ्यांसाठी उतरवून आणायची.

तिच्या घरी गेल्यावर मला कळलं, ती का शिकते ते. तिचा थोरला भाऊ सत्यवान मालवाहू बोटीवर खलाशी होता. बरेच महिने त्याची खबर नव्हती, आणि जुलैत दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून एक टाइप केलेलं पत्र आलं होतं. स्पॅनिशमध्ये, खाली गोल शिक्का. बोटीच्या कंपनीला लिहिलेल्या दोन पत्रांना उत्तर नव्हतं. हे पत्र बाहेरच्या कुणाला दाखवायचं नाही, असं तिच्या आईने, माईंनी, बजावलं होतं. त्यांचे यजमान मुंबईत वारले तेव्हाची तार वाटेत कुणीतरी वाचली होती, आणि माईंच्या आधी ती सगळ्या बाजाराला कळली होती. घरचं पत्र घरच्यानेच वाचायचं, असं तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं.

रविवारी दुपारी कावेरी पत्रातला एकेक शब्द माझ्या यादीत शोधत बसायची. 'तुमचा भाऊ' सापडला. 'बंदर' सापडला. 'ओस्पिताल' तर शोधावाच लागला नाही.

माई बाजूला तांदूळ निवडत असायच्या. "इस्पितळात आसा?" त्यांनी विचारलं.

"होय."

"बरो होतलो मा?"

"तसाच दिसता," कावेरी म्हणाली.

पुढच्या ओळी कचेरीच्या भाषेतल्या, त्यातलं माझ्यात फारसं नव्हतंच; पण पहिल्याच ओळीतला एक शब्दही तिला सापडत नव्हता. फाय्येसियो. यादीत 'फाल्दा' होता, म्हणजे परकर. त्याच्याखाली 'फामिलिया', म्हणजे कुटुंब. मधे काही नव्हतं. त्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेवरून तिचं बोट कितीदा तरी फिरलं. मी काय करणार? छापणाऱ्याने दिलं तेवढंच माझ्याजवळ.

शेवटी तिने वर्गात सरांना विचारलं. पत्राचं काही सांगितलं नाही, नुसता शब्द सांगितला. सरांनाही तो येईना. त्यांनी माझी यादी वरखाली पाहिली आणि म्हणाले, "यात नाही, म्हणजे रोजच्या वापरातला नसणार. सोडून दे."

कावेरीचा चेहरा उजळला. त्या दिवशी एसटीत ती मला मांडीवर घेऊन गुणगुणत होती. इतक्या दिवसांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. घरी जाऊन तिने माईंना सांगितलं, काळजीचं काही नाही.

नोव्हेंबरात कंपनीच्या मुंबई ऑफिसातला माणूस सत्यवानची ट्रंक घेऊन वालावलला आला. त्याच्याजवळ त्याच पत्राचं इंग्रजी भाषांतर होतं. फाय्येसियो म्हणजे वारला; सत्यवान जूनमध्येच तापाने गेला होता. शेवटचं कार्य कसं करायचं ते साठ दिवसांत कळवा, असं पत्रात विचारलं होतं. कुणी कळवलं नाही, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला पुरलं.

कावेरी मला छातीशी धरून पडवीत उभी होती. माईंनी ट्रंकेतले शर्ट एकेक करून काढले, झटकले, घडी घालून परत ठेवले. मग तिला म्हणाल्या, "त्यांका लिही. तेच्या उशाक कोण होता, इचार."

मंगळवारी कावेरीने पत्र सरांपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. सरांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधीच माझ्याकडे आणायचं होतंस," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "आणलं असतंस तरी मला वाचता आलं नसतं."

दोघं मिळून उत्तर लिहायला बसले. 'होतं' कसं म्हणायचं, तिथेच अडलं. सर विसरले होते, आणि माझ्यात भूतकाळ नाही. तो दुसऱ्या भागात आहे, असं माझ्या शेवटच्या पानावर छापलंय. विसाव्या पाठापर्यंत जाऊन दोघं परत आले. मग जे होतं त्यातच कावेरीने लिहिलं. माझ्या भावाजवळ कोण आहे? माझी आई विचारते. खाली वालावलचा पत्ता.

उत्तर आलं का, मला माहीत नाही. मार्चमध्ये वर्ग बंद झाला आणि सरांनी मला या कपाटात ठेवलं. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. कावेरीही परीक्षा देऊन गेली. आता तीन वर्षं होतील. दमट हवेने माझी पानं एकमेकांना चिकटलीत, कसर आत शिरलीय, आणि इकडे कुणी फिरकत नाही.

तुम्ही कधी वालावलला गेलात, तर कावेरीचं घर विचारा. तिला एवढंच सांगा, मी तो शब्द तिच्यापासून लपवला नव्हता. मला तो येतच नव्हता.