कुरळ्या केसांची पुडी

"गेन्पाचीकाका, हे माझ्या तोमेजोचे केस नाहीत."

टोफू विकणाऱ्या ओताकीने कागदाची पुडी माझ्यासमोर उघडली. आत सरळ, काळेभोर केस. गिऱ्हाइकाच्या गालावर माझा वस्तरा थांबला.

"वाळले की सरळ होतात गं."

"पस्तीस वर्षं डोकी भादरताय आणि मला शिकवताय? कुरळ्या केसांमुळे देवळाच्या दारातला दगडी सिंह म्हणायची त्याला सगळी गल्ली."

रशियाशी लढायला निघालेली पोरं आधी माझ्याकडे डोकं करून जात. एक बट कागदात बांधून आईजवळ ठेवायची. हाडं आली नाहीत, तर तीच पुरायची. तोमेजोची हाडं आली नाहीत. रशियनांचं पोर्ट आर्थर पडलं, आमच्या कानाझावात विजयाचे घरोघर झेंडे लागले, आणि उद्या त्याचा अंत्यविधी होता.

चूक माझीच. पोरं निघाली त्या सकाळी तोमेजो आणि साकेवाल्यांचा मासाओ लागोपाठ बसले होते. दोन्ही पुड्या बांधून झाल्या होत्या, नावं लिहायची बाकी होती. तेवढ्यात पलटणीचा बँड वाजला. विशीत सरकारी हुकमावरून सामुराईंच्या डोक्यांवरच्या केसांच्या गाठी कापलेला मी, पोरासारखा दारात धावलो आणि घसा बसेपर्यंत 'बांझाई' असा जयघोष ओरडलो. परत येऊन अंदाजानेच नावं घातली.

बर्फ तुडवत साकेवाल्यांकडे गेलो. मासाओची आई मिनेबाई पाहुण्यांच्या पेल्यांत विजयाची साके ओतत होती. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"माझा मुलगा जिवंत आहे! घरात आनंद चाललाय आणि काय अभद्र बोलता?"

"पुडी उघडू नका. नुसती बदलून द्या."

तिने एकदा पाहुण्यांकडे वळून पाहिलं. मग देवाच्या फळीवरची पुडी दोन्ही हातांनी आणून दिली. मी सरळ केसांची पुढे केली, तशी ती मागे सरकली.

"मेलेल्यापुढे ठेवलेली वस्तू मी घरात घेणार नाही. तुमच्याकडे ठेवा. तो आला की त्यालाच द्या." मग हळूच म्हणाली, "येईलच तो."

दुकानात ओताकी पाण्यातून टोफू काढत होती. मी बाहेर बर्फातच गुडघे टेकले आणि बँडचं, बांझाईचं सगळं सांगून टाकलं. लाजेने मान वर होईना.

"उठा काका, गारठाल," ती म्हणाली. "मीही ओरडले होते. तुमच्यापेक्षा मोठ्याने."

तिने हात कोरडे केले, पुन्हा एकदा कोरडे केले, आणि मी दिलेली पुडी उघडली. त्यातला एक केस दोन बोटांत धरून सरळ ताणला. सोडला, तसा तो पुन्हा गुंडाळला गेला.

"बघा," ती म्हणाली, "अजून ऐकत नाही."

आणि पुन्हा ताणू लागली.